मेडफर्डचं रॉयल हाऊस आणि शेजारची गुलामांची इमारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनला मुलांकडे आलेले आईवडील, हार्वर्ड बघून झालेले पाहुणे आणि अमेरिकेच्या इतिहासाची आवड असलेली मंडळी या घराबद्दल जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तो दोष विषयाचा.

हे घर नेमकं आहे कुठे?

मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येला साधारण ८ किलोमीटरवर मेडफर्ड नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज स्ट्रीटवर. टफ्ट्स विद्यापीठाचा परिसर तिथून जवळ आहे. आजूबाजूला नेहमीची लाकडी घरं, रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या, आणि त्यांच्यामध्ये अचानक ही तीन मजली हवेली. तिच्यासमोर अंगणाच्या पलीकडे एक लांबट, बुटकी इमारत आहे. संस्थेचं आजचं नाव या दोन्ही वास्तूंवरून पडलं आहे: ‘रॉयल हाऊस अँड स्लेव्ह क्वार्टर्स’.

ही बुटकी इमारत आधी पाहा, असं मी सगळ्यांना सांगतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुलाम जिथे राहत आणि राबत, अशी स्वतंत्र उभी असलेली ही एकमेव इमारत मानली जाते. हवेलीसारख्या हवेल्या न्यू इंग्लंडमध्ये आणखी सापडतील.

रॉयल म्हणजे इंग्लंडच्या राजघराण्यातले का?

नाही, ते नुसतं आडनाव. आयझॅक रॉयल थोरला हा सुताराचा मुलगा. १७०० च्या सुमारास तो कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा या इंग्रजांच्या बेटावर गेला आणि तिथे ऊस, रम आणि गुलामांचा व्यापार या तिन्हींतून गब्बर झाला. हवेली बांधली ती त्या पैशावर.

गुलामगिरी तर दक्षिणेत होती ना? मॅसॅच्युसेट्समध्ये कुठून आली?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो यावा अशीच व्यवस्था बराच काळ होती. शाळेतल्या पुस्तकांत दक्षिणेतले कापसाचे मळे येतात, उत्तरेकडचे गुलामगिरीविरोधी पुढारी येतात, यादवी युद्ध येतं. त्याआधीची दीडशे वर्षं गाळली जातात.

मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४१ मध्ये स्वतःची कायदेसंहिता केली. तिच्यात युद्धात पकडलेल्यांना आणि परक्यांनी विकलेल्यांना गुलाम म्हणून ठेवण्याची मुभा लेखी दिलेली आहे. त्याही आधी, १६३८ मध्ये ‘डिझायर’ नावाचं जहाज कॅरिबियनहून मीठ, कापूस, तंबाखू आणि आफ्रिकी माणसं घेऊन बॉस्टनला आलं होतं. जाताना त्याच जहाजातून पीक्वॉट जमातीचे युद्धकैदी विकायला नेले होते.

इथे उसाचे अफाट मळे नव्हते, त्यामुळे एका मालकाकडे शेकडो गुलाम असं चित्र क्वचितच. दोन-चार माणसं असत. कुणी स्वयंपाकघरात, कुणी गोठ्यात, कुणी गोदीवर. रॉयलांकडे मात्र ती संख्या खूपच मोठी होती. मेडफर्डच्या या एका जागेवर त्यांच्या काळात मिळून ६० हून अधिक माणसं गुलामीत राहिली.

शिवाय सगळा व्यवहारच एकमेकांत अडकलेला होता. कॅरिबियन बेटांवर रानोमाळ ऊस लावला, की तिथे खायला धान्य आणि मासळी, पिंपांना लाकूड आणि घाण्याला जनावरं बाहेरून आणावी लागत. ती न्यू इंग्लंडहून जात. परतीच्या जहाजांतून साखर आणि मळी येई. त्या मळीची रम गाळली जाई आणि त्या रमचा काही भाग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिला जाई. साखर कारखान्याशेजारी राहिलेल्याला मळी आणि दारूचं नातं वेगळं सांगायला नको. मेडफर्डची रम तर पुढे त्या गावाची ओळखच झाली.

जागा मुळात कुणाची होती?

युरोपीय येण्याआधी मिस्टिक नदीच्या या काठावर मॅसॅच्युसेट जमातीची वस्ती होती. त्यांचा प्रमुख नॅनेपॅशेमेट याच भागात राहत असे. तो १६१९ मध्ये मारला गेला. त्याच सुमाराच्या साथींत किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली होती.

१६३१ मध्ये वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याला इथे ६०० एकर जमीन मिळाली. तिच्यावरून दहा टेकड्या दिसत म्हणून तिचं नाव ‘टेन हिल्स फार्म’ पडलं. हा विन्थ्रॉप अमेरिकेच्या इतिहासात धर्मनिष्ठ संस्थापक म्हणून गाजलेला आहे. त्याच्या घरीही पीक्वॉट युद्धानंतर गुलाम केलेले मूलनिवासी होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

पुढे जमीन जॉन अशर या व्यापारी-अधिकाऱ्याकडे गेली. त्याच्या काळातलं विटांचं घर आजच्या हवेलीच्या पोटात आहे. १७३२ मध्ये अशरच्या वारसांकडून थोरल्या रॉयलने ५०४ एकर जमीन घरासकट १०,३५० पौंडांना घेतली.

मग तो अँटिग्वा सोडून इथे का आला? धंदा तर तिकडे चालला होता.

१७३० नंतर तिकडचे दिवस फिरले. दुष्काळ, भूकंप, देवीची साथ. आणि १७३६ मध्ये बेटावरच्या गुलामांनी उठावाचा कट केल्याचं उघडकीला आलं. राजाच्या राज्याभिषेकाच्या वर्धापनदिनी मोठा नाच ठरला होता, बेटावरचे यच्चयावत मळेवाले तिथे जमणार होते. ती संधी साधून सगळ्यांना उडवायचं, असा बेत होता. कार्यक्रम पुढे ढकलला गेला आणि बातमी फुटली. नंतरच्या चौकशीत ८८ जणांना मारलं, त्यांतल्या ७७ जणांना जिवंत जाळून. रॉयलच्या मळ्यावरचा मुकादम हेक्टर हाही देहदंड झालेल्यांत होता.

मेडफर्डची खरेदी या कटाच्या आधीची आहे, म्हणजे पाय काढायचा विचार आधीपासून होता. भाऊ जेकब इथे देखरेख करत होता आणि अशरचं जुनं घर वाढवून, सजवून तयार होत होतं. १७३७ मध्ये रॉयल कुटुंब उतरलं. सोबत सामानसुमान, आणि २७ माणसं.

त्या वेळी वसाहतीत आणल्या जाणाऱ्या प्रत्येक गुलामावर आयात कर होता. रॉयलने डिसेंबर १७३७ मध्ये जनरल कोर्टाकडे, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे, अर्ज केला: ही माणसं मी विकायला आणलेली नाहीत, स्वतःच्या वापरासाठी आणली आहेत, तेव्हा कर माफ व्हावा. हा अर्ज लक्षात ठेवा. याच विधिमंडळापुढे ४६ वर्षांनी याच घरातून दुसरा एक अर्ज जाणार आहे.

घराच्या बांधणीत काय पाहायचं?

थोरला रॉयल १७३९ मध्ये वारला. या घरात त्याला जेमतेम दोन वर्षं मिळाली. मुलगा आयझॅक धाकटा तेव्हा विशीत होता. घराला आजचं रूप आलं ते बापलेकांच्या दोन टप्प्यांतल्या कामामुळे.

शैली जॉर्जियन. म्हणजे दार मधोमध, खिडक्या दोन्हीकडे सारख्या, सगळं मोजून मापून. पण बाजू बदलली की सोंगही बदलतं. पूर्वेकडचा दर्शनी भाग आडव्या फळ्यांचा आहे आणि कोपऱ्यांवर लाकडी ठोकळे बसवलेत, लांबून दगडी कोन वाटावेत म्हणून. पश्चिमेकडे धाकट्याने आणखी पुढची मजल मारली. तिथल्या फळ्यांना खाचा पाडून घडीव दगडाची अख्खी भिंतच भासवली आहे. खरी वीट बघायची असेल तर आखूड बाजूच्या भिंतीकडे या.

आत लाकडी नक्षीचं काम उत्तम आहे. वरच्या मजल्यावरच्या मुख्य शयनगृहाला ‘मार्बल चेंबर’ म्हणतात. तिथले भिंतीला लगटून कोरलेले खांब मुद्दाम थांबून पाहावेत. जिन्याचे कठडे आणि शेकोट्यांभोवतीच्या निळ्या-पांढऱ्या डच फरश्याही. हे सगळं बघताना एक व्यावहारिक प्रश्न मनात ठेवा: एवढ्या शेकोट्यांना लाकूड कोण वाहत होतं आणि राख कोण काढत होतं? मुख्य घरातून फिरताना मागचा जिना, स्वयंपाकघर आणि त्यावरची खोली दाखवतात, तिथे याचं उत्तर मिळतं. कारण गुलाम सगळेच बाहेरच्या इमारतीत झोपत नसत. मालकिणीच्या हाकेला ओ द्यायची असे, ते घरातच कुठेतरी अंग टाकत.

धाकटा रॉयल माणूस कसा होता?

त्या काळच्या मोजमापाने सज्जन. दिलदार यजमान, गावाला देणग्या देणारा, गव्हर्नरच्या सल्लागार मंडळावर २२ वर्षं, पुढे मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या सैन्याचा, ब्रिगेडियर जनरल. बायको एलिझाबेथ मॅकिंटॉश, तीही सुरीनाममधल्या मळ्याच्या पैशातली. १७४१ मध्ये रॉबर्ट फीक या चित्रकाराने काढलेलं त्याचं कौटुंबिक चित्र हार्वर्डकडे आहे. जॉन सिंगल्टन कॉप्लीने त्याच्या दोन मुलींचं काढलेलं चित्र बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. रेशीम, मोती, पाळीव कुत्रा, सगळा थाट आहे. घरात राबणाऱ्यांपैकी एकाचंही चित्र नाही.

१७७५ साल आलं तेव्हा त्याची पंचाईत झाली. तो राजाशी उघड वैर घेणाऱ्यातला नव्हता आणि बंडखोरांना शिव्या घालणाऱ्यातलाही नव्हता. लेक्सिंग्टनची लढाई, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली चकमक, १९ एप्रिलला झाली. त्याआधीच्या रविवारी तो बॉस्टनला गेला आणि घरी परतलाच नाही. तिथून हॅलिफॅक्स, मग इंग्लंड.

हॅलिफॅक्सहून त्याने मेडफर्डच्या एका डॉक्टरला पाठवलेलं पत्र उपलब्ध आहे, आणि माझ्या मते त्याचा स्वभाव समजायला ते सगळ्या चित्रांहून उपयोगी आहे. त्यात मागे राहिलेल्या गुलामांबद्दलच्या सूचना आहेत: स्टीफन आणि जॉर्ज प्रत्येकी ६० पौंडांना पडले होते, ५० ला द्या, नाही तर १५ लाही चालतील. हेगार ३५ ची, त्याहून कमीला द्या. मायराचंही तसंच. बेट्सीला हवं तर राहू द्या, हवं तर मोकळी करा, आणि तिच्या मुलीला, नॅन्सीला, एखाद्या चांगल्या कुटुंबात कामाला लावून द्या. एकाच पत्रात भाव उतरवणंही आहे आणि चांगल्या घराची काळजीही. लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटल्याची खूण नाही.

१७८१ मध्ये तो इंग्लंडमध्ये देवीने वारला.

स्वातंत्र्ययुद्धात या घराचं काय झालं?

मालक पळालेला, घर रिकामं, बॉस्टनला वेढा पडलेला. साहजिकच सैन्याने ताबा घेतला. न्यू हॅम्पशायरच्या तुकडीचा कर्नल जॉन स्टार्क इथे तळ देऊन होता. जनरल चार्ल्स ली हाही काही दिवस राहून गेला, आणि लांबलचक ओसाड खोल्यांमुळे त्याने घराला ‘भुताटकीचा वाडा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं, असं म्हणतात. स्टार्कची बायको मॉली छतावरून ब्रिटिश जहाजांवर नजर ठेवत होती, हीदेखील सांगोवांगीची गोष्ट.

१७७८ मध्ये राज्याने मालमत्ता जप्त केली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वारसांना परत मिळाली, मग विकली गेली. पन्नासेक वर्षं ती टिड नावाच्या कुटुंबाकडे होती. त्यानंतर शेतं गेली, रस्ते आले, प्लॉट पडले. ५०४ एकरांतून आज एकरभराच्या आसपास जागा उरली आहे.

बेलिंडा कोण? तिचं नाव सारखं येतं.

या घराचा इतिहास आज सांगितला जातो तो मुख्यतः तिच्यामुळे.

बेलिंडाचा जन्म आजच्या घानाच्या भागातला, व्होल्टा नदीकाठचा. बारा वर्षांचीही नसताना तिला पकडून जहाजात घातलं. पुढची पन्नास वर्षं रॉयलांकडे. मालक पळाला तेव्हा ती साठीच्या आसपास होती. रॉयलने मृत्युपत्रात लिहिलं होतं की बेलिंडाला स्वातंत्र्य हवं असेल तर मिळावं, मात्र म्हातारपणी तिचा भार मेडफर्ड गावावर पडणार नाही याचा जामीन तिने आणून द्यावा. स्वातंत्र्य नको असेल तर ती रॉयलच्या मुलीकडे, मेरीकडे, जावी. थकलेल्या बाईने जामीन कुठून आणायचा, ते मृत्युपत्रात नाही.

१४ फेब्रुवारी १७८३ ला तिने जनरल कोर्टाकडे अर्ज केला. तिला लिहिता येत नव्हतं. खाली तिची फुली आहे, मजकूर दुसऱ्या कुणी तरी लिहिला. बॉस्टनच्या कृष्णवर्णीय समाजाचा पुढारी प्रिन्स हॉल याने लिहिला असावा, असा अनेकांचा अंदाज आहे. हात कुणाचाही असो, अर्ज वाचण्यासारखा आहे. सुरुवातीला लहानपणीची नदी, राया, देवाची प्रार्थना. मग चंद्रासारख्या चेहऱ्यांची माणसं आली, आईवडिलांपासून तोडून घेऊन गेली. जहाजात तिच्यासारखे तीनशे साखळदंडांत. आणि मग अगदी हिशेबी मुद्दा: ज्या प्रचंड संपत्तीचा काही भाग माझ्या कष्टाने जमला आणि जी सगळीच माझ्या गुलामीने वाढली, तिच्यातला घासभरही मला कायद्याने मिळत नाही. तेव्हा मला आणि माझ्या आजारी मुलीला, प्राइनला, रॉयलच्या मालमत्तेतून पोटापुरतं द्यावं.

दया मागणारा सूर वरवरचा आहे. आतलं म्हणणं मजुरी थकल्याचं आहे.

विधिमंडळाने वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले.

मग तिला ते पैसे मिळाले का?

पहिल्या वर्षाचे मिळाले. पुढे थांबले. सरकारी मंजुरी आणि प्रत्यक्ष रक्कम यांच्यातलं अंतर मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी. ती पुन्हा अर्ज करत राहिली: १७८५, १७८७, १७८८, १७९०, १७९३. नंतरच्या अर्जांवर तिचं नाव बेलिंडा सटन असं आहे. तिचं सटन आडनाव आपल्याला कळतं ते या पाठपुराव्यामुळे. एकाच अर्जात पूर्ण पेन्शन मिळाली असती, तर तिच्याबद्दल कितीतरी कमी कागद उरले असते.

गुलामगिरीच्या भरपाईची अमेरिकेतली ही सर्वांत जुन्या मागण्यांपैकी एक मानली जाते. ‘सर्वांत पहिली’ असं काही ठिकाणी ठोकून दिलेलं असतं, पण तसं म्हणू नये. केंब्रिजमध्ये व्हॅसल कुटुंबाच्या गुलामीत राहिलेल्या टोनीनेही तिच्या आधी असाच अर्ज केला होता आणि त्यालाही मालकाच्या जप्त मालमत्तेतून वर्षाला १२ पौंड मंजूर झाले होते.

टोनीचा या घराशी संबंध आहे का?

त्याच्या बायकोमार्फत आहे, आणि त्यातून ही माणसं कशी वाटली जात ते दिसतं. थोरल्या रॉयलने मृत्युपत्रात मुलीला, पेनेलोपीला, अब्बा नावाची बाई आणि तिची सहा मुलं दिली. त्या सहांतली एक क्यूबा. पेनेलोपीचं लग्न केंब्रिजच्या हेन्री व्हॅसलशी झालं, तशी क्यूबाही तिकडे गेली. तिथे तिची आणि टोनीची गाठ पडली. त्यांचा मुलगा डार्बी.

१७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने केंब्रिजमधलं व्हॅसलांचं मोठं घर मुख्यालय म्हणून घेतलं. सहा वर्षांचा डार्बी तिथे फाटकाशी खेळत होता. वॉशिंग्टनने त्याला हातकामं सांगितली, तर पोराने विचारलं, पगार किती? हे त्याने मोठेपणी सांगितलं, आणि वॉशिंग्टन काही सभ्य गृहस्थ नव्हता, असा शेराही मारला. गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही, पण सांगणारा माणूस खरा. तो १८६१ पर्यंत जगला आणि केंब्रिजच्या ख्राइस्ट चर्चखालच्या व्हॅसलांच्या तळघरात त्याला पुरलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी संपली कधी?

नेमका एक कायदा दाखवता येत नाही. १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं वाक्य होतं. त्यावर बोट ठेवून एलिझाबेथ फ्रीमन या बाईने १७८१ मध्ये खटला जिंकला. क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यांत १७८३ पर्यंत न्यायालयाची भूमिका स्पष्ट झाली. १७९० च्या जनगणनेत राज्याने गुलामांची संख्या शून्य कळवली. शून्य म्हणजे सगळे सुखात मोकळे झाले असं नव्हे, हे बेलिंडाच्या अर्जांच्या तारखांवरून कळतंच.

हार्वर्डचा संबंध काय? कुणीतरी म्हणालं, लॉ स्कूल याच पैशातून निघालं.

बऱ्याच अंशी खरं. धाकट्या रॉयलने मृत्युपत्रात काही जमीन हार्वर्डला दिली: कायद्याचा किंवा वैद्यकाचा प्राध्यापक नेमण्यासाठी. त्या पैशातून १८१५ मध्ये रॉयल प्राध्यापकपद सुरू झालं. पहिला प्राध्यापक आयझॅक पार्कर, त्याच्याच पुढाकाराने १८१७ मध्ये लॉ स्कूल निघालं. म्हणजे देणगी थेट शाळेसाठी नव्हती, पण शाळा उगवली ती त्या खुर्चीभोवती.

१९३० च्या दशकात लॉ स्कूलने चिन्ह घेतलं, त्यात गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. ते रॉयल घराण्याचं चिन्ह. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी ते हटवण्यासाठी आंदोलन उभारलं, आणि मार्च २०१६ मध्ये हार्वर्डने ते काढलं. २०१७ मध्ये, शाळेच्या द्विशताब्दीला, ज्यांच्या गुलाम श्रमांतून ही संपत्ती आली त्यांच्या स्मरणार्थ आवारात शिलालेख बसवला. नवं चिन्ह २०२१ मध्ये आलं. पुढे तिथल्या एका चौकाला बेलिंडा सटनचं नावही दिलं गेलं. २०१९ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडाच्या पंतप्रधानांनी हार्वर्डला पत्र लिहून भरपाईचा विषय काढला. २०२२ मध्ये हार्वर्डने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांवर अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यासाठी १० कोटी डॉलर बाजूला ठेवले.

चिन्ह काढल्याने इतिहास पुसला जातो, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. मला तो पटत नाही. ते चिन्ह ऐंशीएक वर्षं भिंतींवर होतं, तेव्हा रॉयल कोण हे विचारणारे थोडेच होते. आंदोलनानंतर सगळ्यांना कळलं.

घर वाचवलं कुणी?

बायकांनी. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संघटनेच्या मेडफर्ड शाखेने १९०० च्या आसपास घराची काळजी घ्यायला सुरुवात केली. त्यातून रॉयल हाऊस असोसिएशन झाली आणि १९०८ मध्ये तिने वर्गणी काढून वास्तू विकत घेतली. १९६० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

या बायकांचे उपकार आहेतच. मात्र त्यांना वाचवायचं होतं ते जॉन स्टार्कचं, मॉलीचं, सुंदर फर्निचरचं घर. बरीच दशकं पाहुण्यांना तेवढंच दाखवलं गेलं. गुलामांची इमारत बैठकांना आणि संस्थेच्या कामांना वापरली जाई, म्हणून ती पडली नाही, हे नशीब. विसावं शतक संपताना हे बदललं. बॉस्टन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी १९९९ ते २००१ या काळात अंगण खणलं आणि सुमारे ६५,००० वस्तू हाती लागल्या. उंची चिनी माती आणि दारूच्या बाटल्या अपेक्षित होत्याच. पण त्याच मातीत मणी, गोट्या आणि फुटक्या भांड्यांच्या घासून गोल केलेल्या चकत्याही निघाल्या. अशा चकत्या सोंगट्या म्हणून वापरत. राबणाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेल्या वेळाचा हाच काय तो पुरावा. २००५ च्या सुमारास संस्थेने आपला रोख बदलला आणि नावात ‘स्लेव्ह क्वार्टर्स’ जोडलं.

भारताशी काही धागा जुळतो का?

या कुटुंबाशी थेट नाही, उगाच जोडू नये. व्यापाराशी मात्र जुळतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय जहाजं माणसांच्या बदल्यात जो माल देत, त्यात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं सुती कापड मोठ्या प्रमाणात असे. तिथल्या गिऱ्हाइकांना तेच रंग आणि तीच वीण हवी असे, युरोपातली नक्कल चालत नसे. मालदीवच्या कवड्याही बंगालमार्गे तिकडे जात आणि चलन म्हणून वापरल्या जात.

जाता जाता: १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात फेकलेला ईस्ट इंडिया कंपनीचा चहा भारतीय नव्हता, चीनचा होता. आसामच्या मळ्यांना अजून साठेक वर्षं अवकाश होता.

या धर्तीची आणखी कोणती जुनी घरं पाहता येतील?

बॉस्टनमध्येच पॉल रिव्हिअरचं घर आहे, साधारण १६८० चं, पर्यटकांचं आवडतं. डेडहॅमचं फेअरबँक्स हाऊस त्याहून जुनं. त्याच्या तुळयांच्या वर्षवलयांवरून ते १६४० च्या आसपासचं ठरलं आहे आणि उत्तर अमेरिकेतलं उभं असलेलं सर्वांत जुनं लाकडी चौकटीचं घर समजलं जातं. राज्याच्या पश्चिम टोकाला शेफील्डमध्ये अॅशली हाऊस आहे. वर ज्या एलिझाबेथ फ्रीमनचा उल्लेख आला, ती त्याच घरात गुलाम होती. वेळ असेल तर रॉयल हाऊसनंतर हे पाहा, दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

कधी जावं, किती वेळ लागतो?

घर वर्षभर उघडं नसतं. उन्हाळा आणि शरद ऋतू हा हंगाम, तोही बहुतेक शनिवार-रविवार. आत माहितगारासोबतच फिरवतात. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करा. तास-दीड तास पुरतो. जुने जिने अरुंद आणि चढे आहेत. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी तळमजला आणि अंगणापलीकडची इमारत एवढंच पाहिलं तरी चालेल.

लहान मुलांना न्यावं का?

आठ-नऊ वर्षांपुढच्यांना जरूर. त्यांना हवेलीत कंटाळा येऊ शकतो, अंगणात सापडलेल्या गोट्यांनी आणि सोंगट्यांनी येत नाही. त्यापेक्षा लहान मुलं असतील तर एकाने बाहेर थांबावं आणि आळीपाळीने आत जावं.

एका दिवसात याला जोडून काय होईल?

सकाळी मेडफर्ड, दुपारी केंब्रिज. हार्वर्ड लॉ स्कूलच्या आवारातला शिलालेख, मग ब्रॅटल स्ट्रीटवर वॉशिंग्टनचं मुख्यालय असलेलं व्हॅसलांचं घर. ते आता कवी लाँगफेलोच्या नावाने ओळखलं जातं आणि राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. तिथे जाताना वाटेतच ख्राइस्ट चर्च लागतं. गाडी असेल तर ती मेडफर्डहून निघताना एकदाच कुठेतरी लावा, केंब्रिजमध्ये पार्किंग शोधण्यात दुपार जाते.